कुसूं आणि वेस

परदेशांतून येणाऱ्यांविषयीं व सरहद्दीच्या रक्षणाविषयीं अमेरिकेंत मोठा वाद चालला आहे. गांवाभोवतीं कुसूं असतें, तें व्यर्थ नव्हे. आंत कोण येतो हें पाहण्याचा गांवास अधिकार आहे. परंतु कुसाला वेसही असते, हें विसरतां कामा नये.

या संबंधानें आम्हांस १९३९ सालची एक गोष्ट आठवते. त्या वर्षीं मे महिन्यांत 'सेंट लुई' नांवाचें जहाज ९३७ उतारू घेऊन हांबुर्गाहून निघालें. त्यांतील बहुतेक नाझी छळापासून पळणारे यहूदी होते. क्यूबानें थोड्यांखेरीज कोणास उतरूं दिलें नाहीं. अमेरिकेनेंही घेतलें नाहीं. १९२४ च्या कायद्याप्रमाणें जर्मनीसाठीं ठरलेली वर्षाची संख्या भरली होती. जहाज युरोपास परतलें. पुढें नाझींच्या संहारांत त्या उतारूंपैकीं २५४ जणांचा अंत झाला.

येथें अमेरिकेंत कायदा मोडला कोणीं? कोणींही नाहीं. आधीं रांगेंत असलेल्यांवर अन्याय नको, हें म्हणणेंही खोटें नव्हतें. पण ज्याच्या पाठीस मृत्यु लागला आहे, त्यास रांगेंत थांब म्हणणें हा न्याय नव्हे. १९५१ च्या जिनीव्हा करारांत, निर्वासितास संकटांत परत लोटूं नये असें ठरलें, तें अशा अनुभवांनंतरच.

वाचकहो, वेशीवर पहारा अवश्य असावा. मात्र पहारेकऱ्यानें "तूं कोण?" एवढेंच न विचारतां, "तूं कशास भिऊन आलास?" हेंही विचारावें.