थांबायचे कोणी?

मुख्याध्यापकाला दिवसातून किती वेळा 'थांब' म्हणावे लागते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. जिन्यावरून धावणाऱ्याला थांब, वर्गात बडबडणाऱ्याला थांब, मैदानावर भांडणाऱ्याला थांब. वर्षानुवर्षे वापरून तो शब्द आपल्याच मालकीचा आहे असे वाटू लागते. त्या मालकीची पहिली शंका मला आली ती 2023 च्या मे महिन्यात, अमेरिकेतील पोर्टलंड शहरात.

माझी पुतणी तिथे नोकरीला आहे. "काका, बागा आणि धबधबे पुष्कळ झाले, आज रोलर डर्बी बघू या," म्हणत ती मला ओक्स पार्कमधल्या 'हँगर' नावाच्या इमारतीत घेऊन गेली. बेळगावकरांना स्केटिंगचे अप्रूप नाही. पण चाकांचे बूट घालून बायका एकमेकींना खांद्याने आणि कमरेने धडका देतात, हे काही पाहिलेले नव्हते. आपले कवी घेतात तशी त्यांनी टोपणनावे घेतलेली. फरक इतकाच, की ती ऐकून धडकी भरावी!

खेळ मला कबड्डीच्या आधारानेच समजला. लंबगोल धावपट्टीवर दोन्ही संघांच्या पाच-पाच जणी एकाच दिशेने फिरतात. प्रत्येक संघात एक 'जॅमर', म्हणजे आपली चढाई करणारी. तिच्या शिरस्त्राणावर चांदणी असते. बाकीच्या चौघी प्रतिपक्षाच्या जॅमरला अडवतात आणि त्याच वेळी आपलीला वाट करून देतात. पाठीवर किंवा डोक्यावर धक्का द्यायचा नाही, कोपर मारायचे नाही. चुकले की तीस सेकंद बाहेर बसायचे. गर्दीतून नियमाने जी जॅमर आधी सुटते ती आघाडीची. पुढच्या फेरीपासून प्रतिपक्षाची एकेक खेळाडू ओलांडली की एकेक गुण. डाव फार तर दोन मिनिटांचा.

एका डावात आघाडीची मुलगी चार गुण घेऊन सुसाट निघाली होती, आणि एकाएकी तिने दोन्ही हातांनी कमरेवर थापा मारल्या. शिट्ट्या वाजल्या, डाव संपला. मला वाटले, लागले बहुधा.

"नाही काका. ती पुढे आहे, म्हणून डाव थांबवायचा हक्क तिचा. दुसरी गुण घ्यायला पोचण्याआधीच तिनं मोडला."

थोड्या वेळाने खरेच एक जण पडली आणि उठेना. या वेळी पंचांनी खेळ थांबवला. दोन्ही संघांतल्या साऱ्याजणी जिथल्या तिथे एक गुडघा टेकून बसल्या. ती उठली तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना पुतणीने या खेळाची हकिगत सांगितली. 1935 साली शिकागोत लिओ सेल्टझर नावाच्या व्यावसायिकाने तो सुरू केला. पुढे तो मागे पडला. 2001 मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरातल्या बायकांनी त्याला पुन्हा उभे केले, आणि त्यातून निघालेले बहुतेक संघ खेळाडू स्वतःच चालवतात. मी हुंकार देत होतो. मन मात्र माझ्या कचेरीच्या दाराशी जाऊन उभे राहिले होते.

त्या दाराशी काही वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी उभी होती. कबड्डीत तिची चढाई पाहायला शिक्षकही मैदानावर येत. गळ्याजवळचे हाड मोडले, ते जुळले, डॉक्टरांनी खेळायला परवानगीही दिली. तरी मी तिच्या वडिलांना म्हणालो, "दहावीचं वर्ष येतंय, आता बास करा." वडिलांनी मान डोलावली. आमच्या भागात मुलीला मराठीत 'बास' म्हणतात आणि कानडीत 'साकु'. या एका बाबतीत दोन्ही भाषांचे कधी भांडण झालेले नाही. दाराशी उभ्या असलेल्या मुलीला मात्र कोणी काहीच विचारले नाही. दहावीला तिला उत्तम गुण मिळाले. पेढे घेऊन वडील आले. ती आली नाही.

कोणी म्हणेल, पोर्टलंडच्या त्या बायका सज्ञान होत्या, ही पंधरा वर्षांची पोर. आक्षेप खरा आहे. लहानांना थांबवणे हे मोठ्यांचे कर्तव्यच आहे, आणि ते टाळणारा शिक्षक शिक्षक नव्हे. पण त्या संध्याकाळी मी दोन प्रकारचे थांबणे पाहिले. पंच थांबवतो ते समोर दिसणाऱ्या संकटासाठी. खेळणारी थांबते ती आपल्या अंदाजाने. मुलीचे हाड मोडले त्या दिवशी तिला मैदानाबाहेर आणणे हे पंचाचे काम होते, आणि ते मी नीट केले. हाड जुळल्यानंतर मात्र संकट उरले नव्हते. उरली होती ती माझी धास्ती आणि शाळेच्या निकालाची काळजी. तेव्हा मी पंचाची शिट्टी वाजवून खेळणारीचा हक्क वापरला. तिच्या भल्यासाठी केले, हे मी अजूनही म्हणतो. पण भले कशात आहे, हे तिला विचारायचे राहिले. विचारले असते तर कदाचित तीच म्हणाली असती, "सर, वर्षभर थांबते." मग ते थांबणे तिचे झाले असते.

गेल्या वर्षी असेच एक पालक आले. "सर, तुम्हीच सांगा तिला, बास म्हणावं." मुलगी दाराशी उभी होती. मी तिला आत बोलावले, खुर्ची दिली आणि विचारले, "तुझं काय म्हणणं आहे?"

ती बराच वेळ गप्प होती. तोंडावर आलेला शब्द मी गिळला, आणि थांबलो.