लाखोळी, भूक आणि मज्जारज्जू

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांमधले पाणी ओसरू लागले, की उभ्या पिकातच लाखोळी, जवस किंवा हरभऱ्याचे बी फेकण्याची उतेरा पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. धान कापून होईपर्यंत ही रोपे उरलेल्या ओलाव्यावर रुजतात. त्यांना नांगरट लागत नाही, खत लागत नाही, आणि पाण्याची पाळीही बहुधा द्यावी लागत नाही. यांपैकी लाखोळी सर्वांत चिवट आहे. ती बांधीत साचलेले पाणी सोसते, पुढे पडणारी कोरडही सोसते, हवेतील नत्र जमिनीत आणून ठेवते, आणि तिच्या दाण्यात वजनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक प्रथिन असते. कोवळ्या पाल्याची भाजी, डाळीचे वरण आणि वाटलेल्या डाळीचे वडे या रूपांत ती पूर्व विदर्भाच्या स्वयंपाकात मुरलेली आहे. याच डाळीने मज्जासंस्थेच्या वैद्यकाला एक अत्यंत बोधप्रद आजार दिला, आणि त्या आजाराविषयी गेल्या काही दशकांत जे नवे उमगले त्याचा भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याशी थेट संबंध असूनही त्याची चर्चा मराठीत फारशी झालेली नाही.

या आजाराला लॅथिरिझम म्हणतात; मज्जासंस्थेशी निगडित असल्याने वैद्यकीय लेखनात तो न्यूरोलॅथिरिझम या नावाने येतो. मुख्यतः लाखोळीवरच काही महिने गुजराण केलेल्या माणसाला एखाद्या दिवशी, अनेकदा कष्टाच्या कामानंतर, पाय जड झाल्याचे जाणवते, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि पुढे पाय ताठरून चालताना एकमेकांत अडकू लागतात. मेंदूच्या बाह्यकापासून निघून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून खाली जाणारे आणि स्नायूंना हालचालीची आज्ञा पोचवणारे जे लांब तंतू असतात, त्यांतील पायांकडे जाणारे तंतू या आजारात निकामी होतात. हात बहुधा वाचतात. स्पर्शाची जाणीव, स्मृती, वाणी आणि बुद्धी शाबूत राहतात. आजार एका टप्प्यावर येऊन थांबतो, पण गेलेले परत येत नाही. वैद्यांनी रुग्णांची प्रतवारी बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि सरपटणारा अशा चार पायऱ्यांत केली. ही प्रतवारी खेड्यात जाऊन काम करणाऱ्याच्या दृष्टीने सोयीची होती यात शंका नाही, परंतु तिच्यात माणूस किती चालतो एवढेच मोजले जाते. तरुणपणी, कमावत्या वयात, पूर्ण शुद्धीत असताना पाय गमावलेल्या माणसाच्या मनाचे काय झाले याला तिच्यात रकाना नाही. तो पुढेही फारसा कोणी आखला नाही, आणि या विषयातली ही उणीव मोठी आहे.

मध्य भारताच्या इतिहासात या आजाराची ठळक नोंद स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने सागर भागातून केली. १८२९ मध्ये गारपिटीने, १८३० मध्ये पावसाअभावी आणि १८३१ मध्ये रोगाने तेथील गहू बुडाला. तिन्ही वर्षे लाखोळी मात्र माजून उभी होती आणि लोकांनी तीच खाल्ली. १८३३ पासून तिशीच्या आतील तरुणांचे कमरेखालचे अंग अचानक लुळे पडू लागले. पुढे १८६१ मध्ये सागरचा हा मुलूख आणि भंडाऱ्यासह नागपूरचा प्रांत मिळून मध्य प्रांत बनला, तेव्हा लाखोळीचा पट्टा जवळजवळ एका कारभाराखाली आला. हा आजार काही केवळ हिंदुस्थानचा नव्हता. जर्मनीतील व्युर्टेंबर्गच्या ड्यूकने १६७१ मध्येच या दाण्याच्या पिठावर बंदी घातली होती, आणि दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातील वाप्नियार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना १९४२ मध्ये रोज मुख्यतः हीच डाळ उकडून दिली गेली, तेव्हा काही महिन्यांत शेकडो कैद्यांचे पाय गेले. त्यांच्यातच कैदी असलेले डॉक्टर आर्थर केसलर यांनी कारण ओळखले. सागर आणि वाप्नियार्का यांच्यात देश, वंश, हवामान असे काहीच समान नव्हते. समान होते ते इतकेच, की माणसांपुढे दुसरे अन्न उरले नव्हते.

दाण्यातला घातक घटक १९६४ मध्ये भारतातच सापडला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी जे अमिनो आम्ल वेगळे केले त्याला संक्षेपाने ओडॅप म्हणतात. मेंदूतील पेशी परस्परांना संदेश देताना ग्लुटामेट नावाचे रसायन वापरतात. समोरच्या पेशीवरील ठरावीक ग्राहींना, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनांना, ते चिकटले की ती पेशी उद्दीपित होते. ओडॅपची घडण ग्लुटामेटशी मिळतीजुळती असल्याने ते यांपैकी ॲम्पा नावाच्या ग्राहींना चिकटते आणि पेशीला थकून मोडेपर्यंत उद्दीपित ठेवते. पीटर स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये माकडांवरील प्रयोगांतून या द्रव्याची भूमिका पुढे मांडली. अतिउद्दीपनाने पेशी मरते ही कल्पना पुढे हालचालीच्या पेशी झिजवणाऱ्या इतर आजारांच्या अभ्यासात महत्त्वाची ठरली. अशाच एका प्राणघातक आजारावर १९९५ मध्ये मान्यता मिळालेले रिलुझोल हे औषध ग्लुटामेटचा स्राव कमी करते. नैराश्याच्या संशोधनातही याच रसायनाकडे आता लक्ष वळले आहे. केटामीन या जुन्या भुलीच्या औषधाने काही रुग्णांचे तीव्र नैराश्य काही तासांत निवळते असे दिसले, त्याच्याच कुळातील एका औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये नैराश्यासाठी मान्यता मिळाली, आणि प्राण्यांवरील प्रयोगांनुसार या परिणामात ॲम्पा ग्राहींचा वाटा आहे. ज्या दारातून लाखोळीचे विष पेशीत उत्पात घडवते त्याच दाराशी मनाच्या आजाराचा नवा उपचारही येऊन पोचतो. तेव्हा मज्जासंस्थेचे आजार एका खात्यात आणि मनाचे दुसऱ्या खात्यात ही जी वाटणी दवाखान्यांनी केली आहे, ती सोयीची असली तरी शरीराने केलेली नाही.

मात्र विष सापडले म्हणून कोडे सुटले नव्हते. एकाच गावात, एकाच घरात, एकाच भांड्यातले वरण खाऊन एकाचा पाय जातो आणि बाकीचे धडधाकट राहतात, आणि स्त्रियांपेक्षा तरुण पुरुष अधिक संख्येने पंगू होतात, हे केवळ विषाने समजत नव्हते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या संस्थापक संचालक विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेले काम येथे मोलाचे आहे. त्यांना असे आढळले, की ओडॅप पेशीतील तंतुकणिकांवर, म्हणजे ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म अंगांवर, घाव घालते, आणि हा घाव मेंदूच्या हालचाल-केंद्रात व मज्जारज्जूच्या कमरेकडील भागात ठळक दिसतो. ग्लुटारेडॉक्सिन नावाचे विकर ही इजा दुरुस्त करण्यास मदत करते. माद्यांमध्ये त्याचे प्रमाण अधिक असते, म्हणून त्या अधिक प्रमाणात वाचतात. या विकराला आपले काम करण्यासाठी ग्लुटाथायोन लागते, ग्लुटाथायोन तयार होण्यासाठी गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात, आणि लाखोळीच्या प्रथिनात नेमकी तीच तुटपुंजी असतात. एकट्या लाखोळीवर जगणाऱ्या शरीरात अशा रीतीने घाव घालणारे द्रव्यही त्याच ताटातून येते आणि घाव भरणाऱ्या द्रव्याची उणीवही त्याच ताटातून येते.

इथिओपियातील दुष्काळात हायलेयेसुस गेताहून आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीतून यालाच माणसांमधला आधार मिळाला. जे लोक भाजलेले, उकडलेले किंवा हिरवे कोवळे दाणे तसेच खात, त्यांना धोका अधिक होता; ज्यांच्या लाखोळीत इतर तृणधान्य मिसळलेले असे किंवा जे कालवणात कांदा, लसूण, आले घालत, त्यांना तो कमी होता. तांदळात गंधकयुक्त अमिनो आम्ले डाळीच्या तुलनेने बरी असतात. भातावर लाखोळीचे वरण घेण्याची भंडाऱ्याची रीत, पुरेसा भात असेपर्यंत, या दृष्टीने शहाणपणाची आहे. धोका उभा राहतो तो धान बुडाल्यावर, कारण तेव्हा भात ताटातून जातो आणि वरण एकटेच उरते. सर्वसाधारणपणे आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोळीचा असेल आणि हे दोन-चार महिने चालले, तर पाय जाण्याची शक्यता निर्माण होते असे मानले जाते.

शासनाने १९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी घातली. त्या काळात डाळीत विष असल्याचे पुरावे होते आणि मजुरीपोटी धान्याऐवजी लाखोळी देऊन शेतमजुरांना अपंग करणारी सालदारीची रीत मध्य भारतात काही ठिकाणी चालू होती. त्यामुळे बंदीमागचा हेतू खोटा म्हणता येत नाही. पण बंदीने दाण्याला आरोपी ठरवले आणि ज्या उपासमारीने तो दाणा एकटा पडला तिला मोकळे सोडले. पेरणी चालूच राहिली, कारण बांधीतला ओलावा कायद्याची वाट पाहत नाही. शेतकऱ्याला मिळणारा भाव मात्र घसरला, आणि तीच डाळ तुरीच्या डाळीत व बेसनात भेसळीच्या रूपाने, म्हणजे खाणाऱ्याच्या नकळत, शहरांत पोचू लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्याच दशकात दाखवून दिले होते, की डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी फेकले तर विषाचा मोठा भाग निघून जातो. ही माहिती घरोघरी पोचवणे बंदीपेक्षा स्वस्त होते. ते पुरेशा नेटाने झाले नाही. ज्या घरात सरपण आणि पाणी दोन्ही दुरून आणावे लागते तेथे पाणी फेकण्याचा सल्ला कितपत पाळला गेला असता, हा प्रश्नही खरा आहे.

नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या संस्थेमार्फत बंदीविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला, उपोषणे केली, आणि महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये राज्यापुरती बंदी उठवली. २०१६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पातळीवर रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी ओडॅपच्या वाणांना अनुकूल मत पुढे आले. मूळच्या भंडारा जिल्ह्यातून १९९९ मध्ये वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यातील गावांत राष्ट्रीय पोषण संस्थेने केलेली पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातून लाखोळीचा वापर आता माफक राहिला आहे आणि हा आजार विरळ झाला आहे असे चित्र दिसते. याचे श्रेय रेशनच्या तांदळाला आणि बदललेल्या आहाराला बंदीपेक्षा अधिक जाते, असे मानण्यास सबळ कारण आहे.

राहिला प्रश्न मनाचा. बंगळूरच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेले राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यांत शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते, महाराष्ट्र नव्हता. विदर्भात मानसिक आरोग्याचे जे उल्लेखनीय काम झाले ते कापसाच्या पट्ट्यात, शेतकरी आत्महत्यांच्या छायेत झाले. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत विश्राम या प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना समुपदेशनाचे शिक्षण दिले, आणि नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मनोविकारतज्ज्ञ गावात कायम नसतानाही नैराश्याची ओळख आणि पहिली मदत गावातच होऊ शकते, हे यातून सिद्ध झाले. धानाच्या पट्ट्याला अशा कामाची गरज कमी आहे असे समजण्याचे काही कारण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीतील एकवीस प्रकारांत लॅथिरिझमचे स्वतंत्र नाव नाही. असा रुग्ण चालण्याच्या अक्षमतेच्या सर्वसाधारण प्रकारात प्रमाणपत्र मिळवू शकतो, पण त्या प्रमाणपत्रावर त्याचे पाय कशाने गेले हे उरत नाही, आणि म्हणून जिल्ह्यात असे वृद्ध किती उरले आहेत हे सरकारी कागदांतून काढता येत नाही.

वाणांचा प्रश्नही मिटलेला नाही. इंग्लंडमधील नॉर्विच येथील जॉन इनेस केंद्राच्या संशोधकांनी २०२३ मध्ये लाखोळीचा जनुकीय आराखडा आणि ओडॅप तयार करणाऱ्या विकरांची साखळी यांविषयीचे काम प्रसिद्ध केले, त्यामुळे जवळजवळ विषरहित वाणाची आशा वाढली आहे. परंतु मधमाश्यांमुळे शेजारच्या बांधीतील जुन्या वाणाचा परागकण येऊन कमी विषाच्या वाणाचा गुण काही हंगामांत ढळू शकतो, घरचेच बी पुन्हा पेरणाऱ्या शेतकऱ्याला ते डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि कोरड पडली की त्याच रोपात ओडॅप वाढते. म्हणजे ज्या वर्षी धान बुडून लाखोळी अधिक खाल्ली जाईल त्याच वर्षी ती अधिक घातकही असेल. यावर एकदाच दिलेले सुधारित बियाणे पुरणार नाही. साकोलीच्या कृषी संशोधन केंद्राने पवनी, लाखांदूर आणि मोहाडीच्या बांध्यांतून दर हंगामात दाण्यांचे नमुने घेऊन ओडॅप मोजावे, कोरड्या वर्षी हे निकाल पेरणीआधी ग्रामपंचायतींना कळवावेत, आणि सिकलसेलच्या तपासणीसाठी घरोघरी जाणाऱ्या आशाताईंच्या वहीत तीन साध्या प्रश्नांची भर पडावी: घरात कोणती डाळ किती वेळा शिजते, कोणी काठी घेऊन चालते का, आणि काठी घेणाऱ्याला रात्री झोप लागते का.