प्रथिनाची घडी आणि सत्कार्यवाद

कार्य हे उत्पन्न होण्यापूर्वी आपल्या कारणात असते की नसते, हा भारतीय दर्शनांतील एक जुना आणि कधीच पुरता न मिटलेला वाद आहे. सांख्यांच्या मते ते असते. तिळातून तेल निघते ते तिळात अव्यक्त रूपाने होते म्हणून, आणि वाळू कितीही रगडली तरी तेल निघत नाही ते तिच्यात नव्हते म्हणून. या मताला सत्कार्यवाद म्हणतात. न्याय-वैशेषिक हे मानत नाहीत. त्यांच्या मते सुतात वस्त्र आधी नसते, तर सुतांच्या संयोगातून 'अवयवी', म्हणजे अवयवांहून निराळे असे एक नवेच समग्र द्रव्य, अस्तित्वात येते, आणि म्हणून त्यांचे मत असत्कार्यवाद किंवा आरंभवाद या नावाने ओळखले जाते. तीळ आणि सूत यांच्या बळावर हा वाद शतकानुशतके चालला. विसाव्या शतकातील जीवरसायनशास्त्राने मात्र असे एक उदाहरण हाती दिले आहे, की जे दोन्ही पक्षांना सारखेच अडचणीत टाकते.

प्रथिन ही अमिनो आम्लांची, फाटे न फुटणारी साखळी असते. सजीवांच्या प्रथिनांत ही आम्ले मुख्यतः २० प्रकारची असून कोणत्या आम्लामागे कोणते यावे हा क्रम जनुक ठरवते. परंतु प्रथिनाचे कार्य केवळ या क्रमाने होत नाही. साखळी स्वतःभोवती वळून, दुमडून एका विशिष्ट त्रिमितीय आकारात बसावी लागते, आणि या बसण्यालाच घडी पडणे म्हणतात. हा आकार येतो कोठून, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकी शास्त्रज्ञ ख्रिश्चन अँफिन्सन यांनी १९६० च्या सुमारास गायीच्या स्वादुपिंडातील रायबोन्यूक्लिएज या विकरावर प्रयोग करून दिले. या विकराच्या साखळीत १२४ अमिनो आम्ले असून त्यांतील आठ सिस्टीन दोन-दोन जोडले जाऊन गंधकाचे चार बंध तयार होतात. युरिया आणि मर्कॅप्टोइथेनॉल यांनी हे बंध तोडून घडी पूर्ण उलगडली तेव्हा विकर निष्क्रिय झाले. दोन्ही रसायने काढून हवेतील ऑक्सिजनचा संपर्क होऊ दिला तेव्हा ते कोणाच्याही साहाय्यावाचून पूर्ववत झाले. आठ सिस्टीनच्या चार जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात, आणि त्यांतील एकच योग्य असते. बंध युरियातच पुन्हा जुळू दिले तर जोड्या कशाही लागत आणि जेमतेम एक टक्का क्रियाशीलता परत येई, म्हणजे निव्वळ योगायोगाने जेवढी यावी तेवढीच. युरिया काढून मर्कॅप्टोइथेनॉलचा अंशमात्र ठेवला की चुकीचे बंध सुटत आणि साखळी आपली मूळ घडी शोधून काढी. या कार्याबद्दल १९७२ मध्ये अँफिन्सन यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला.

सत्कार्यवाद्याला याहून अनुकूल साक्ष कोणती हवी? आकार क्रमातच होता, तो केवळ अभिव्यक्त झाला, असे तो म्हणेल. वाटेल त्यापासून वाटेल ते निर्माण होत नाही, हा त्याचा आणखी एक युक्तिवाद. त्यालाही मद्रासमधून आधार मिळतो. १९६३ मध्ये गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की साखळीच्या कण्याला प्रत्येक सांध्यापाशी जे दोन कोन घेता येतात, त्यांच्या बहुतेक जोड्या अणू एकमेकांवर आदळत असल्यामुळे मुळातच निषिद्ध आहेत. (हेच रामचंद्रन उत्तरायुष्यात जैनांच्या स्याद्वादाला गणिती रूप देण्यात रमले.) पेशीत घडी पडण्यास मदत करणारी शॅपरोन नावाची प्रथिने सापडली, तेव्हा काही काळ वाटले की कर्त्याचा हात दिसला. पण जिवाणूंतील ग्रोईएल हे शॅपरोन, म्हणजे सात-सात घटकांच्या दोन कड्यांचे एक पोकळ पिंप, नाना आकारांच्या प्रथिनांना त्याच एका पोकळीत आसरा देते. कोणाला कोणता आकार द्यावा याचे ज्ञान त्याच्यापाशी नसते, ते फक्त अर्धवट साखळ्यांना एकमेकींत गुंतू देत नाही. योगसूत्रांच्या कैवल्यपादात निमित्तकारणाला शेतकऱ्याची उपमा दिली आहे: तो पाणी वाहून नेत नाही, बांध फोडतो, आणि पाणी आपल्या उताराने दुसऱ्या वाफ्यात जाते. शॅपरोनचे याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे. अर्थात यावरून प्राचीनांना रेणू ठाऊक होते असे सिद्ध होत नाही, आणि तसे सिद्ध करण्याची हौस दर्शनालाही लहान करते.

सत्कार्यवादाची खरी कसोटी पाण्यापाशी लागते. घडी पडण्यामागची एक मोठी प्रेरणा अशी, की साखळीतील तेलकट, पाण्याला नकोशी असलेली अंगे आत दडतात आणि त्यांच्याभोवती बंदिस्त झालेले पाण्याचे रेणू मोकळे होतात; म्हणजे आकार ठरवण्यात जेवढा वाटा साखळीचा, तेवढाच तिच्याभोवतीच्या पाण्याचा. अँफिन्सन यांनीही आपला सिद्धान्त विशिष्ट परिस्थितीच्या अटीवर मांडला होता. ती अट पुढे सोयीस्करपणे गाळली गेली. आता हे पाणी उपादान, म्हणजे ज्यातून वस्तू घडते ते द्रव्य, म्हणावे तर ते बहुतांशी घडीतून बाहेर पडलेले असते. आणि निमित्त म्हणावे तर ते केवळ अडसर दूर करणारे नाही, आकाराची दिशाच त्याच्याकडून येते. शेतकऱ्याच्या उपमेत उतार शेताचा होता. येथे तो शेताचा आणि पाण्याचा मिळून आहे. आकार साखळीत 'आहे' असे म्हणण्यापेक्षा साखळी आणि पाणी यांच्या संबंधात आहे असे म्हणणे भाग पडते, आणि संबंधाला वास्तव पदार्थ मानण्याची परंपरा नैयायिकांची आहे, सांख्यांची नव्हे.

नैयायिकाचा पक्ष प्रायॉनने आणखी बळकट होतो. मेंदूच्या काही असाध्य रोगांचे कारण असलेल्या या प्रथिनाला स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये हे नाव दिले. त्याच क्रमाची साखळी निरोगी मेंदूत एका घडीत असते आणि रोगात दुसऱ्या, आणि दुसरी घडी पहिलीला आपल्यासारखी करत जाते. सूत तेच, विणकर नाही, वस्त्रे दोन. दोन्ही आकार कारणात सुप्त होते असे सांख्य म्हणू शकतो, पण परस्परविरोधी कार्ये एकाच कारणात मानली की 'असणे' या शब्दात 'संभवणे' यापलीकडे फारसे काही उरत नाही. मात्र नैयायिकालाही सूट नाही: आकार सर्वस्वी नवा असेल तर रायबोन्यूक्लिएज दर वेळी त्याच आकाराकडे का परतते, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

२०२० मध्ये अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने केवळ क्रमावरून आकार वर्तवण्यात प्रयोगाच्या जवळपास जाणारी अचूकता गाठली, आणि तिच्या निर्मात्यांपैकी डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग मिळाला. याने वाद मिटला असे समजणे म्हणजे अनुमानाला उत्पत्ती समजणे होय. ही प्रणाली पूर्वी प्रयोगाने ज्ञात झालेल्या हजारो आकारांवर आणि नात्यातल्या प्रथिनांच्या क्रमांवर पोसलेली आहे. तिच्यापाशी आहे ती व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचे नियत साहचर्य, आणि धुरावरून अग्नी कळतो म्हणून धूर अग्नीचे कारण ठरत नाही. शिवाय अनेक प्रथिनांत असे लांबलचक भाग असतात की ज्यांना एकटे असताना ठरलेला आकारच नसतो. काहींना तो दुसऱ्या रेणूची गाठ पडल्यावर येतो, काहींना तेव्हाही नाही, आणि तरी ती आपले काम करतात. अशा भागांपाशी अल्फाफोल्ड एक मोकळा, कशालाही न चिकटलेला धागा रेखाटते आणि त्याला आपल्या अविश्वासाचा नारिंगी रंग देते.