दोष सापडला नाही, म्हणजे दोष नाही?

खरे बोलणे म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला बालपणीच्या धर्मशिक्षणात मिळते. जे ठाऊक आहे ते दडवू नये, जे घडले नाही ते सांगू नये. आठव्या आज्ञेचा हा पाठ आपण पुढे मुलांनाही देतो. परंतु प्रौढ आयुष्यात याहून अवघड प्रसंग येतात. जे आपल्याला ठाऊक नाही, पण ठाऊक असायला हवे अशी लोकांची अपेक्षा आहे, त्याविषयी खरे कसे बोलावे? डॉक्टरपुढे रोगी बसलेला असतो आणि तपासण्यांत काही निघत नाही. शिक्षकापुढे मागे पडणारा मुलगा असतो आणि कारण उमगत नाही. अशा वेळी जिभेवर येणारे सोपे वाक्य असते, ‘काही झालेले नाही.’ या वाक्याची नैतिक बाजू येथे एका अगदी प्रापंचिक उदाहरणावरून तपासावयाची आहे. ते उदाहरण आहे वॉरंटीत असलेल्या मालमोटारीचे, जिचे इंजिन वारंवार ‘मिसिंग’ करते आणि जिचा दोष कोणालाच सापडत नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यात दुसरबीड हे गाव आहे. जिजाऊंच्या जन्मगावाहून मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर ते लागते. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील सळया, परिसरातील सोयाबीन, तूर आणि कापूस यांची वाहतूक या भागातून वर्षानुवर्षे चालत आली आहे. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि जून 2025 मध्ये 701 किलोमीटरचा तो संपूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. हा महामार्गही याच तालुक्यातून जातो. मालमोटारीवर संसार उभा करणारी माणसे अशा गावांतून असणे स्वाभाविकच आहे. त्यांच्यापैकी एखादा आपण डोळ्यांपुढे आणू. गाडी एकच, मालक तोच आणि चालकही तोच. सोबतीला एक क्लीनर. कर्जाचा हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जातो; गाडी उभी असली म्हणून तो थांबत नाही.

त्याची तक्रार साधी आहे. भरलेली गाडी चढाला लागली, इंजिन तापले, की मध्येच एक ठोका चुकतो. गाडीला झटका बसतो, पिकअप तुटतो, थोड्या वेळाने सारे पूर्ववत होते. वर्कशॉपमध्ये गाडी नेली की ती शहाण्या मुलासारखी वागते. स्कॅनर लावला जातो, फिल्टर बदलला जातो, आवारात एक फेरी होते आणि जॉबकार्डावर शेरा पडतो, ‘दोष नाही.’ पंधरा दिवसांनी तोच चढ, तोच झटका.

येथे यंत्राचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे, कारण त्याशिवाय वर्कशॉपमधल्या माणसाची अडचणही कळणार नाही. सहा सिलिंडरांचे चार फेऱ्यांचे डिझेल इंजिन मिनिटाला 1,500 वेळा फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला 750 वेळा इंधन पेटते. सहा मिळून 4,500 वेळा. त्यांतील काही मोजकी ज्वलने अपुरी राहिली तरी चालकाला ती अंगात जाणवतात. कारणे मात्र अनेक असू शकतात. इंजेक्टर योग्य मापात इंधन सोडीत नसेल. इंधनात पाणी किंवा हवा शिरली असेल. व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याने सिलिंडरमधला दाब उतरला असेल. किंवा वायरिंगच्या एखाद्या जोडणीत गंज धरला असून इंजिन तापल्यावरच तेथील संपर्क तुटत असेल.

दिनांक 1 एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले. आजच्या मालमोटारीतील संगणक इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या गतीतला सूक्ष्म चढउतार मोजतो आणि कोणता सिलिंडर कमी पडतो ते सांगू शकतो. ही मोठीच सोय आहे. परंतु ‘तिसरा सिलिंडर कमी पडतो’ हे लक्षण झाले. ते का पडते हे माणसालाच शोधावे लागते. त्यासाठी चांगला मेकॅनिक काय करतो? तो एकेका सिलिंडरचे इंधन क्रमाने बंद करून पाहतो. ज्याचे इंधन बंद केल्याने इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तोच सिलिंडर मुळात काम करीत नव्हता. मग तो तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर पहिल्यात आणि पहिल्याचा तिसऱ्यात बसवितो, त्यांचे क्रमांक संगणकात भरतो आणि पुन्हा पाहतो. दोष इंजेक्टरबरोबर पहिल्या सिलिंडरात गेला, तर इंजेक्टर दोषी. दोष तिसऱ्यातच राहिला, तर इंजेक्टर निर्दोष, आणि मग वायर अथवा दाब तपासावयाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, हा तर्कशास्त्रातील जुना नियम आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1843 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारणशोधाच्या अशाच पद्धतींची मांडणी केली आहे. त्या ग्रंथाचे नावही न ऐकलेला मेकॅनिक ती आचरणात आणीत असतो.

या शोधाला तीन गोष्टी लागतात: वेळ, धीर आणि चालकाचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी. तिसरी सर्वांत दुर्मीळ. दोष भरलेल्या, तापलेल्या, चढावरच्या गाडीत आहे. तपासणी रिकाम्या, थंड, आवारातल्या गाडीची होते. ज्या परिस्थितीत दोष प्रकट होतो ती परिस्थिती उभी केल्यावाचून दिलेला निर्णय, हरवलेली वस्तू अंधाऱ्या खोलीत न शोधता उजेडाच्या अंगणात शोधण्यासारखाच आहे. चालकाला शास्त्रीय शब्द ठाऊक नसतील, पण केव्हा, कोठे, किती वजनावर आणि किती वेळाने झटका बसतो हे त्याच्याइतके कोणालाही ठाऊक नाही. शोधाची सुरुवात तेथूनच व्हावयास हवी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘दोष नाही’ आणि ‘दोष आम्हांस सापडला नाही’ या दोन वाक्यांत किती अंतर आहे? पहिले वाक्य यंत्राविषयी आहे, दुसरे बोलणाऱ्याविषयी. पहिल्याने प्रकरण मिटते आणि चालक खोटा ठरतो. दुसऱ्याने प्रकरण उघडे राहते आणि शोधण्याची जबाबदारी शोधणाऱ्याच्याच खांद्यावर राहते. म्हणूनच दुसरे वाक्य उच्चारणे जड जाते. पहिले वाक्य उच्चारणारा मनुष्य लबाडच असतो असे नाही. बहुधा तो कामाच्या रेट्याने थकलेला असतो, वरिष्ठांना दिवसाच्या गाड्यांचा हिशेब द्यावयाचा असतो. तथापि जे पाहिले नाही त्याची ग्वाही देणे ही साक्षच झाली, आणि ती खरी साक्ष नव्हे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात खरेदीविक्रीतील नीतीचा एक स्वतंत्र प्रश्न चर्चिला आहे. विकलेल्या वस्तूत दोष असेल तर विक्रेत्याचे कर्तव्य काय? त्यांचे विवेचन आजही ताजे वाटते. घोड्याला एकच डोळा आहे, हा दोष कोणालाही दिसतो. किंमत त्याप्रमाणे घेतली असेल तर तो पुकारून सांगण्याचे बंधन नाही. परंतु जो दोष दडलेला आहे आणि ज्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याला धोका पोहोचेल, तो सांगितलाच पाहिजे. विक्रेत्याला दोष ठाऊकच नसेल तर त्याला पाप लागत नाही. मात्र पुढे तो ठाऊक झाला, की घेणाऱ्याची भरपाई करण्यास तो बांधलेला आहे.

वॉरंटीच्या कागदात आज जे लिहिलेले असते, त्याचा नैतिक गाभा या शेवटच्या वाक्यात आहे. विक्रेता म्हणतो, ‘विकताना मला दोष ठाऊक नव्हता, परंतु ठरलेल्या काळात तो कळला, तर मी तो दूर करीन.’ हे वचन सच्चे आहे. पण त्यातून सुटण्याची एक वाटही त्याच्या रचनेतच आहे: दोष कळूच द्यायचा नाही. कळल्यावर जबाबदारी येते, तर न कळणे सोयीचे. याच ग्रंथात अन्यत्र अज्ञानाचा विचार करताना संत थॉमस यांनी ही वाटही बंद केली आहे. जे जाणून घेणे आपले कर्तव्य होते आणि जाणून घेणे शक्य होते, त्याविषयीचे अज्ञान हा स्वतःच एक दोष होय. शोधण्याची साधने ज्याच्या हाती आहेत, त्याने न शोधता निरागसपणाचा आधार घेऊ नये.

यात काळाचाही प्रश्न आहे. वॉरंटी ठरावीक महिन्यांची किंवा ठरावीक किलोमीटरची असते. जे आधी पुरे होईल ते. ‘सध्या चालवून पाहा’ या सल्ल्यागणिक गाडीचे किलोमीटर वाढतात आणि वचनाचे दिवस घटतात. चालढकल दोन्ही पक्षांना सारखी महाग पडत नाही. ज्याच्या बाजूने काळ धावतो आहे, त्याने अधिक तत्परता दाखवावी, हाच न्याय.

दुसरी बाजूही तितकीच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मालकाचा शब्द हा प्रत्येक वेळी प्रमाण असतोच असे नाही. स्वस्तातले पिंपातील डिझेल भरले, क्षमतेबाहेर वजन लादले, दिवे आणि भोंगे बसविण्यासाठी मूळ वायरिंग कापले, आणि वर्कशॉपमध्ये यांतील एकही गोष्ट सांगितली नाही, तर शोध भलत्याच दिशेला जातो. दिनांक 1 जुलै 2023 रोजी याच सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुटा गावानजीक समृद्धी महामार्गावर खाजगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी प्राणास मुकले. टायर फुटल्याने अपघात झाला, असे चालकाने सांगितले. परिवहन कार्यालयाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. कारण काय होते, हा प्रश्न अशा वेळी मृतांच्या आप्तांसाठी अत्यंत वेदनेचा असतो. चालकाचे म्हणणे ऐकणे आवश्यक आहे आणि ते पडताळणेही तितकेच आवश्यक आहे. ऐकून घेणे म्हणजे पडताळणी टाळणे नव्हे, आणि पडताळणीच्या नावाखाली न ऐकणे हाही न्याय नव्हे.

कायद्याने या प्रश्नाचा काही अंशी विचार केला आहे. मालमोटार हे धंद्याचे साधन, म्हणून तिचा मालक ‘ग्राहक’ नव्हे, असा आक्षेप पूर्वी घेतला जाई. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 1993 साली दुरुस्ती होऊन, स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्यास ग्राहक मानण्याचे स्पष्टीकरण घातले गेले. एप्रिल 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका लघुउद्योगाच्या खटल्यात या स्पष्टीकरणाचा अर्थ उलगडला. त्या उद्योगाचे अपील फेटाळले गेले. परंतु निकालात दिलेले एक उदाहरण आपल्या दुसरबीडच्या मालकाला तंतोतंत लागू पडते. स्वतः चालविण्यासाठी मालमोटार घेणारा हा ग्राहकच होय, आणि एकदोघे मदतनीस ठेवले म्हणून त्याचे ग्राहकपण जात नाही. जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही हे स्पष्टीकरण कायम आहे. शिवाय त्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, आणि चाचणीशिवाय दोष ठरविता येत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

म्हणून मालकाने एक पथ्य पाळावे. प्रत्येक खेपेस तक्रार आपल्या शब्दांत जॉबकार्डावर लिहवून घ्यावी: तारीख, किलोमीटर, वजन, चढ, इंजिन किती तापले होते ते. त्याची प्रत जपून ठेवावी. शक्य असेल तर मेकॅनिकला भरलेल्या गाडीत शेजारी बसवून त्याच चढावर न्यावे. आणि स्वतःच्या बाजूने काही चुकले असेल तर तेही न लपविता सांगावे.

परंतु आयोगापर्यंत जाण्याची वेळ येते, तेव्हा पुष्कळ काही आधीच हरवलेले असते. कायदा भरपाई देईल. रस्त्याच्या कडेला इंजिनाची झाकण उघडून उभ्या असलेल्या माणसाला ‘तुला भास होतो’ असे ऐकावे लागले, त्या अवमानाची भरपाई तो देऊ शकत नाही. ती केवळ समोरच्या माणसाच्या हाती असते. ‘तुम्ही सांगता ते खरे असावे, आम्हांला अद्याप सापडले नाही, आपण पुन्हा शोधू’ एवढेच त्याने म्हणावयाचे असते.

आपल्या कुटुंबांतून अनेकजण अशाच कामांत आहेत. कोणी रुग्णालयात, कोणी शाळेत, कोणी बँकेत, कोणी कारखान्यात. प्रत्येकाच्या टेबलापुढे केव्हातरी असा मनुष्य येऊन उभा राहतो, ज्याचे दुखणे आपल्या तपासणीत दिसत नाही. घरातही तो येतो. कधी अबोल झालेल्या मुलीच्या रूपाने, कधी सतत थकवा सांगणाऱ्या म्हाताऱ्या आईच्या रूपाने. त्या वेळी आपल्या मुखातून कोणते वाक्य बाहेर पडते, याची चिकित्सा ज्याची त्याने करावी.