न्याय्य किंमत आणि जुने रंधायंत्र

वस्तू स्वस्त मिळाली म्हणजे मनुष्यास जो आनंद होतो, त्यात पैसा वाचल्याचा आनंद किती आणि समोरच्यापेक्षा आपण शहाणे ठरलो याचा किती, हे सहसा कोणी तपासून पाहत नाही. नव्या वस्तूच्या बाबतीत ही तपासणी अनावश्यकच आहे. दुकानदार आपला भाव जाणून असतो. परंतु विकणाऱ्यास जेथे भंगार दिसते व घेणाऱ्यास यंत्र दिसते, तेथे या दोन दृष्टींमधील अंतराची किंमत कोणाची?

प्रश्न जुना आहे. रोमन वक्ता सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये आपल्या पुत्रासाठी कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात धान्याच्या व्यापाऱ्याचा दाखला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलेला. अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्यास ठाऊक आहे की मागून आणखी गलबते येत आहेत. हे त्याने गिऱ्हाइकांस सांगावे काय? कायद्याने सांगावयास लावलेले दोष तेवढे सांगितले म्हणजे पुरे, असे डायोजिनीसचे मत. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणे, सर्व काही सांगितले पाहिजे. सिसेरोने कौल शिष्यास दिला. त्याच ग्रंथात स्कीव्होला नावाच्या गृहस्थाची गोष्ट आहे. त्याने शेत विकत घेताना विकणाऱ्याने सांगितलेली किंमत ऐकली, आपल्या मते शेत अधिक मोलाचे आहे असे सांगितले, आणि एक लाख सेस्टर्स वर दिले. हा मनुष्य सज्जन होता हे सर्वांस मान्य होते. शहाणा होता हे मात्र मान्य नव्हते, अशी पुस्तीही सिसेरो जोडतो. आमच्या पेठांतही तसेच म्हणाले असते.

लाकूडकामाची जुनी यंत्रे घेऊन ती चालती करण्याचा नाद आम्हांस काही वर्षांपासून आहे. प्लायवूडचे राज्य सुरू झाल्यापासून सागाची अखंड फळी सरळ करण्याचा प्रसंग सुतारावर क्वचितच येतो, व त्यामुळे मोठी रंधायंत्रे शेडच्या कोपऱ्यात गंजत पडतात. दोन ओतीव लोखंडी मेजे, मध्ये पाती बसविलेला व मिनिटास चार हजारांवर फेरे घेणारा कणा, आणि त्यावरून हाताने ढकलावयाची फळी, एवढाच त्याचा संसार. ओतीव लोखंडाचे एक बरे असते. ओतकामातील ताण काळाने बराच निवलेला असल्यामुळे जुने मेज नव्यापेक्षा सहसा अधिक स्थिर असते. गंज तर धुण्याचा सोडा मिसळलेले पाणी, लोखंडाचा एक निरुपयोगी तुकडा आणि बॅटरी चार्ज करण्याचे साधन यांनी निघतो. म्हणून आम्ही स्वतःपुरता एक भेद करून ठेवला होता: आमच्या श्रमाने जे मोल वाढेल ते आमचे, जे मोल मुळातच आहे, परंतु विकणाऱ्यास दिसत नाही, ते त्यास दाखवून द्यावयाचे.

एका जिल्ह्याच्या गावी वृद्ध मिस्त्री आपली शेड मोडीत होते. सुमारे तीनशे किलोच्या रंधायंत्राचा भाव त्यांनी भंगाराच्या दराने, वजनावर सांगितला. आमच्या नेमाप्रमाणे आम्ही म्हणालो, "मिस्त्री, सागाचे काम करणारा कोणीही याचे तिप्पट देईल."

ते शांतपणे म्हणाले, "ते ठाऊक आहे, साहेब. हे फुटावं म्हणूनच भंगाराचा भाव सांगितला."

त्या यंत्रावर त्यांच्या मुलाची दोन बोटे गेली होती. येथे सिसेरोचे दाखले अपुरे पडले. त्या सर्व दाखल्यांत एकाचे अज्ञान आहे व दुसऱ्याचे ज्ञान. येथे विकणारा सर्व जाणून होता, आणि त्याची कमी किंमत हे अज्ञान नसून त्याची इच्छा होती. पैसे घेतल्यावर वस्तूवर त्याची सत्ता राहत नाही, असे कायदा म्हणेल. परंतु फोडण्यासाठी दिलेले यंत्र फोडण्याच्या भावाने घेऊन चालवणे हा आमच्या मते निव्वळ विश्वासघात आहे, कागद कितीही साफ असो.

दोष कोठे आहे, ते सांगणे आम्हांस भाग होते. त्या यंत्राचा कणा चौकोनी होता. चौकोनी कण्याची बाजू मेजाच्या ओठाशी येते तेव्हा मोठी फट पडते, आणि घसरलेला हात तिच्यात खोल ओढला जातो. गोल कण्यात फट अरुंद राहते, जखम बहुधा वरवरची होते. इंग्लंडात १९२२ च्या नियमांनी हाताने फळी ढकलावयाच्या यंत्रांस गोल कणाच सक्तीचा केला. आमच्याकडे १९४८ चा कारखाना कायदा दहा कामगारांहून लहान अशा शेडपर्यंत सहसा पोहोचतच नसे. गोल कणा व वर झाकण बसवू, नाहीतर यंत्र घेणार नाही, असे आम्ही सांगितले. मिस्त्रींनी बराच वेळ विचार केला, आणि एकच अट घातली: चौकोनी कणा त्यांच्यापाशी राहील. उद्देश बदलला तशी किंमतही बदलली. तिप्पट रक्कम त्यांनी नीट मोजून घेतली, संकोच केला नाही. हे आम्हांस बरे वाटले. दान घेण्याची पाळी त्यांच्यावर का यावी?

जुन्या यंत्रांचे काही शौकीन आता आम्हांस दोष देतात की, कणा बदलून तुम्ही यंत्राचे मूळपण घालविले. बेअरिंगांतील बॅबिट धातू वितळवून, जुन्या रीतीने, आम्ही पुन्हा ओतला तेव्हा त्यांस समाधान वाटले. शिशाचा जुना रंग उडणाऱ्या धुळीतून पोटात जाऊ नये म्हणून काढला, तेव्हा पुन्हा नाराजी. मूळपणाची ही भक्ती आम्हांस समजते. परंतु यंत्र हे देवघरातली मूर्ती नव्हे. त्यावर कोणाचा तरी हात रोज फिरावयाचा आहे.

यंत्र सध्या उत्तम चालते. पुढे ते कोणास दिले, तर अँटिपेटरच्या मताने सर्व हकीकत सांगूनच देऊ. मात्र मूळ कण्याचा शोध घेत कोणी त्या दारी जाऊ नये म्हणून मिस्त्रींचे गाव तेवढे सांगणार नाही.