‘डोन्ट’च्या पुढची इंग्रजी

आपल्याला मनापासून पटलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची, तर ती कोणाच्या भाषेत सांगायची? आपल्या, की ऐकणाऱ्याच्या? आपलं म्हणणं आपल्या भाषेतच नीट मांडता येतं हे खरं. पण ते ऐकणाऱ्याला कळलंच नाही तर आपण नक्की काय सांगितलं? मी सध्या या प्रश्नात अडकले आहे, आणि त्याला निमित्त झालंय माझं पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी होणं.

हैदराबादच्या एका विद्यापीठाच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमाला मी नाव घातलं आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी घरबसल्या, संगणकावर तास असतो. प्रवेशाआधी एक चाचणी झाली आणि तिच्यावरून मला ‘इंटरमीडिएट’ म्हणजे मध्यम पातळीच्या वर्गात बसवण्यात आलं. आमच्या तेलंगणात ‘इंटर’ म्हणजे अकरावी-बारावी. त्यामुळे बातमी गल्लीत पसरली तेव्हा शेजारची तेलुगू बाई हसत हसत म्हणाली, “अक्का, इंटर चदुवुतुन्नारा?” अक्का, या वयात बारावी करताय की काय! मी नांदेडला मराठी घेऊन बी.ए. केलं आहे हे तिला सांगितलं, तर ती आणखीच बुचकळ्यात पडली. पदवी झाल्यावर बारावी कशाला?

कशाला, हे सांगायचं तर आधी ही ‘मध्यम पातळी’ म्हणजे काय ते सांगायला हवं. २००१ साली युरोपच्या परिषदेने भाषा शिकणाऱ्यांसाठी सहा पायऱ्या आखल्या. ए-वन, ए-टू, मग बी-वन, बी-टू, मग सी-वन, सी-टू. पुष्कळ ठिकाणचे अभ्यासक्रम आता याच पायऱ्या धरून चालतात. पहिल्या दोन पायऱ्यांवर माणूस स्वतःची ओळख करून देतो, भाव विचारतो, रस्ता विचारतो. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे मध्यम पातळीच्या सुरुवातीला, त्याच्याकडून जी कौशल्यं अपेक्षित आहेत त्यांत एक मला फार महत्त्वाचं वाटलं. आपल्या मतामागची कारणं थोडक्यात सांगता येणं. पहिल्याच आठवड्यात हे वाचलं आणि वाटलं, अरे, मला नेमकं हेच तर हवंय.

माझा मुलगा बेंगळुरूला असतो. सूनबाई केरळच्या, मल्याळी. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, म्हणून घरात इंग्रजी. माझी सहा वर्षांची नात इंग्रजीतच विचार करते, इंग्रजीतच झोपेत बडबडते. दिवाळीला ती आदिलाबादला आली होती. जेवताना तिने बटाट्याची भाजी मागितली. आमच्याकडे कंदमूळ होत नाही. मी म्हटलं, “नो पोटॅटो.” तिने विचारलं, “व्हाय?”

मला येणाऱ्या इंग्रजीत या ‘व्हाय’ला उत्तर नव्हतं. उत्तर मला माहीत होतं, लहानपणापासून. बटाट्याच्या एका देहात अनंत जीव नांदतात असं आपण मानतो. कंद उपटला तर सगळं झाडच जातं, पण फळ तोडलं तर झाड राहतं. पोट भरायला काहीतरी घ्यावंच लागतं, पण जिथे कमी घेऊन भागतं तिथे जास्त का घ्यावं? हे सगळं मराठीत मी तिला पाच मिनिटांत गोष्टीसारखं सांगितलं असतं. पण त्यात किती ‘कारण’, किती ‘जर’, किती ‘तरी’ आहेत पाहा. माझ्याजवळच्या इंग्रजीत होतं काय, तर कम, सिट, ईट आणि डोन्ट. डोन्ट ईट, डोन्ट टच, डोन्ट किल. शेवटी मुलाने माझ्या वतीने उत्तर दिलं, “आजीच्या धर्मात चालत नाही.” तिने मान डोलावली आणि विषय संपला.

मुलाचं काही चुकलं नाही. पण माझ्या मनात मात्र विषय संपला नाही. थोडक्या शब्दांत पोचवलेला धर्म हा नुसत्या मनाईंची यादी होतो. हे चालत नाही, ते चालत नाही, सूर्यास्तानंतर नाही, चतुर्दशीला नाही. या प्रत्येक ‘नाही’च्या पोटात एक ‘कारण’ आहे आणि ते कारण करुणेचं आहे. ते काढून घेतलं की उरतं ते पहारेकऱ्याचं बोलणं. पहारेकऱ्याचं लोक ऐकतात, पण तो असेतोवर. नात बेंगळुरूला परत गेली की तिथे पहारेकरी नाही.

माझ्या नणंदबाई परभणीला असतात. त्यांना हे सगळं पटत नाही. त्या म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही का म्हणून शिकायचं? पोरीला मराठी शिकवा. आजीची भाषा नातीला यायलाच हवी.” वन्संचं म्हणणं मी सहज बाजूला सारू शकत नाही. तिला मराठी यावी असं मलाही वाटतं. फोनवर आम्ही रोज पाच शब्द घेतो, आणि ‘चिमणी’ हा शब्द तिला इतका आवडला की ती आता मलाच चिमणी म्हणते. पण ती माझ्या मराठीपर्यंत पोचायला आठ-दहा वर्षं लागतील. तोवर तिच्या ‘व्हाय’ने दारात उभं राहायचं? प्रश्न विचारणाऱ्या लेकराला ‘आधी माझी भाषा शीक, मग उत्तर देते’ असं म्हणणं मला न्यायाचं वाटत नाही.

शिवाय आपली परंपरा तरी काय सांगते? महावीरांनी उपदेश केला तो पंडितांच्या संस्कृतात नव्हे, अर्धमागधीत, लोकांच्या बोलीत. समवसरणाचं वर्णन आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. भगवंतांची दिव्यध्वनी अठरा महाभाषा आणि सातशे लघुभाषांत पोचते, माणसाला माणसाच्या आणि पशूला पशूच्या भाषेत कळते. याकडे कुणी चमत्कार म्हणून पाहील. मला त्यात एक नीती दिसते. ऐकणाऱ्याने वर चढून यायचं नाही, सांगणाऱ्याने खाली उतरायचं. पुढे आपल्या आचार्यांनी आणि कवींनी ती पाळली. जिथे गेले तिथली भाषा त्यांनी घेतली, कानडी घेतली, तमिळ घेतली, मराठीही घेतली. आमच्यापासून फार लांब नाही, गोदावरीपलीकडे करीमनगर जिल्ह्यात कुरिक्याल गावाजवळ बोम्मलगुट्टा नावाची टेकडी आहे. तिथल्या कातळावर दहाव्या शतकातला लेख आहे, कानडीचा आदिकवी पंप याचा भाऊ जिनवल्लभ याचा. तो संस्कृत, कानडी आणि तेलुगू अशा तीन भाषांत आहे. एकाच भाषेत कोरला असता तर मेहनत वाचली असती. आणि इंग्रजीचंच म्हणाल, तर वीरचंद गांधी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैनांच्या वतीने बोलले ते इंग्रजीतच. तेव्हा ते २९ वर्षांचे होते.

जैनांचंच कशाला, आमच्या या डोंगराळ मुलखाचा अनुभवही तोच आहे. १९४०मध्ये जोडेघाटला कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांची परिस्थिती समजून घ्यायला हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला बोलावलं. सरकारी दप्तर उर्दूत आणि माणसं गोंडी बोलणारी. आपल्या जमिनीबद्दल कागदावर काय लिहिलंय हे ज्याला वाचता येत नाही, त्याची जमीन कशी जाते हे निराळं सांगायला नको. त्या दशकात मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र निघालं, आणि मुलांसाठी पहिली वाचनमाला छापली ती गोंडी भाषेत, देवनागरी लिपीत. म्हणजे सरकारच्या भाषेत चढायला सांगण्याआधी कुणीतरी त्या लेकरांच्या भाषेत उतरलं. ज्याच्या हातात जास्त आहे, त्याने आधी उतरायचं. माझ्या आणि नातीच्या बाबतीत वयाने, अनुभवाने जास्त माझ्या हातात आहे. मग उतरायचं कोणी?

आणखी एक शंका माझी मीच काढली. हा परिग्रह तर नाही? उतारवयात माणसाने सोडत जावं, आणि मी गोळा करत बसले आहे, तेही इंग्रजी, जिची आपल्याकडे मिरवायचीच सवय जास्त. एखाद्या लग्नात चार वाक्यं फेकून भाव खाण्यासाठी शिकत असेन, तर तो परिग्रहच. पण ज्ञान ही वाटल्याने न घटणारी चीज आहे. हेतू तपासत राहायचा, एवढंच. श्रुतपंचमीला आपण ग्रंथांची पूजा करतो ती ग्रंथ कपाटात बंद राहावेत म्हणून नव्हे.

वर्गात मात्र वेगळीच गंमत झाली. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’ शिकवलं. शक्यता दाखवणारे शब्द. मला एकदम आपला ‘स्यात्’ आठवला. वहीत लिहूनही टाकलं, स्यात् म्हणजे मे बी. मग घरी चपात्या लाटताना वाटलं, छे, असं नाही. ‘मे बी’ म्हणजे मला खात्री नाही. ‘स्यात्’ म्हणजे खात्री आहे, पण एका बाजूने पाहिल्यावर. घडा माती म्हणून आहेच, आणि वस्त्र म्हणून नाहीच. यात कदाचित कुठेच नाही. नातीला जर मी ‘एव्हरीथिंग मे बी’ असं सांगितलं, तर आजीचा धर्म म्हणजे गोंधळ, असंच तिला वाटेल. पुढच्या तासाला मी मॅडमना विचारलं, ‘एका अर्थाने’ असं म्हणायचं तर काय म्हणतात? त्यांनी सांगितलं, ‘इन वन सेन्स’. तीन छोटे शब्द. पण ते हाती नसते तर मी खोटं बोलले असते, आणि आपण खोटं बोललो हे कळलंही नसतं. भाषासमिती म्हणजे तोलून बोलणं, असं आपण शिकतो. पण तोलायला वजनं लागतात. अर्धवट येणाऱ्या भाषेत आपल्याकडे किलोचंच वजन असतं आणि माल असतो तोळाभर.

इथवर सगळं माझ्या बाजूचं झालं. पण मध्यम पातळीच्या पुस्तकात ‘बिकॉज’ज्या धड्यात आहे, त्याच धड्यात ‘बट’ही आहे. ‘डोन्ट’ला समोरून उत्तर येत नाही, पाळायचं किंवा चोरून मोडायचं, दोनच वाटा. कारण दिलं की समोरच्याला ते तपासायचा हक्क मिळतो. त्याला ते पुरेसं वाटलं नाही तर ‘पण’ म्हणायचा हक्क मिळतो. पहारेकरी होण्यात एक सुरक्षितपणा असतो, तो कारण सांगणाऱ्याला सोडावा लागतो. अनेकान्त तोंडाने म्हणणं सोपं. सहा वर्षांच्या मुलीने आपल्या घरच्या आचाराला दुसरी बाजू दाखवली, तर ती बाजू म्हणून ऐकून घेणं अवघड. म्हणून मला आता वाटतं, भाषा शिकण्याचं खरं मोल आपल्याला बोलता येण्यात अर्धंच आहे. उरलेलं अर्धं, आपल्याला कुणी उलट बोललं तर ते समजण्यात आहे.

मागच्या रविवारी फोनवर मी तिला बटाट्याचं कारण सांगितलं. वहीत आधी लिहून घेतलं होतं, सात वाक्यं, दोन ‘बिकॉज’, एक ‘इफ’. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, बटाट्याचं कळलं, “बट आजी, व्हॉट अबाउट मिल्क?” वासराचं दूध आपण का पितो?

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे मराठीतही तयार नाही. तिला मी म्हटलं, “आय ॲम थिंकिंग.” हे मी खरं बोलले, आणि अजून विचारच करते आहे.