गावातलं हॉटेल, तालुक्याचं थेटर

आमच्या माणदेशात हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, पुढं दोन बाकडी, भट्टीवर काळं पडलेलं पातेलं आणि परातीत भज्यांचा ढीग. थेटर म्हणजे तालुक्याच्या गावातली एकच एक इमारत. खाली बाकडी, वर बाल्कनी, आणि बाल्कनीतला पंखा चालू असला तर आपलं नशीब. हॉटेल अजून आहे, कसंबसं. थेटरचं मंगल कार्यालय झालं. पुतण्याला त्याचं काहीच वाटलं नाही. म्हणाला, "तात्या, पिच्चर घरात बघायला मिळतोय, तर ढेकणं चावून घ्यायला तिकडं कशाला जायचं?"

प्रश्न सरळ आहे. जुन्या आठवणींचे कढ काढून त्याला उत्तर देता येत नाही. सोय ही काही पाप नाही. पाण्यासाठी दोन मैल चालणाऱ्या बायकांच्या दारात नळ आला, तेव्हा आडावरच्या गप्पा बंद झाल्या म्हणून कुणी रडलं नाही. मग थेटर गेलं, हॉटेल गेलं, तर रडायचं कशासाठी?

आधी जे होतं ते काय होतं, ते बघू. सिनेमा तेव्हा पत्र्याच्या डब्यातून यायचा. अडीच तासांच्या सिनेमाची चौदा-पंधरा रिळं, आणि ते डबे एसटीच्या टपावर. गाडी चुकली की खेळ चुकला. जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. ट्रकवरच मशीन, पुढं पडदा, खाली जमीन. जत्रांतल्या या तंबूंवर केलेला एक माहितीपट 2016 साली कान्सच्या महोत्सवात दाखवला गेला. जग ज्याला कलाकृती म्हणून बघत होतं, ते आमच्याकडं नारळ आणि रेवड्यांच्या रांगेत उभं असायचं.

1991 साली 'माहेरची साडी' आला तेव्हा बायका गाड्या-ट्रॅक्टर करून तालुक्याला गेल्या. त्यातल्या कितीतरी जणी घरात हुंदका गिळणाऱ्या. अंधारात चारशे बायकांबरोबर रडायला मिळालं, आणि कुणी "काय झालं गं?" म्हणून विचारलं नाही. 2016 साली 'सैराट'ला गर्दी एवढी, की रहिमतपूरसारख्या ठिकाणी रात्री बारा आणि पहाटे तीनचेही खेळ लावावे लागले. ज्या जातींची पोरं गावात एका पंगतीला बसायला कचरतात, ती एका रांगेत बसली आणि शेवटाला एकदमच गप्प झाली. तोच सिनेमा आता फोनवर दिसतो. कथा तीच, रडू तेच. पण शेजारचा माणूस कशावर हसला, कशावर गप्प झाला, हे फोन दाखवत नाही. माणसाला माणूस कळायची ती एक जागा होती.

हॉटेलचंही तसंच. चहा हे निमित्त. एसटीनं आलेली पिशवी तिथं ठेवायची, निरोप तिथं सांगायचा, दवाखान्यातून परतणाऱ्या म्हाताऱ्यानं गाडी येईस्तोवर तिथं टेकायचं. पावसानं ओढ दिली की मालक वहीत लिहायचा, सुगीवर बघू म्हणायचा. ती वही काही धर्मादाय नव्हती, धंदाच होता. पण माणूस ओळखल्याशिवाय उधारी देता येत नाही, आणि ओळख ही रोज तोंड बघून होते.

एवढं लिहून थांबलो तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. याच हॉटेलांतून कपबश्या वेगळ्या असायच्या. दलित वस्तीतल्या माणसानं छपराच्या वाशात खोचलेला कप काढायचा, चहा बाहेर उकिडवं बसून प्यायचा आणि कप आपणच धुवून परत खोचायचा. बाईमाणसानं तर हॉटेलची पायरी चढायचीच नाही. थेटरात टवाळ पोरांच्या शिट्ट्या, आणि बायकांच्या संडासाला कडी नाही. ज्याच्या वाट्याला वाशातला कप आला, त्याला "आपलं गावचं हॉटेल जगवा" असं कुठल्या तोंडानं सांगायचं? फोनवरून मागवलेला डबा जात विचारत नाही. सोयीची ही बाजू मोठी आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं असं, की आपण जागेचं देणं लागतो ते ती जुनी आहे म्हणून नाही, ती आपली आहे म्हणूनही नाही. तिचं दार सगळ्यांना सारखं उघडं असेल, तरच. वेगळा कप ठेवणारं हॉटेल बंद पडलं तर पडू द्यावं. पण जिथं कुणीही दहा रुपये ठेवून अर्धा तास बसू शकतो, ती जागा जगवणं हे कर्तव्य आहे. दया म्हणून नव्हे. दयेवर धंदा दोन महिने चालतो.

आणि आम्ही शेतकऱ्यांनी तर हे सगळ्यांच्या आधी समजून घ्यावं. आमची जन्माची तक्रार काय? मधला दलाल खातो. गिऱ्हाईक मेथीच्या जुडीला दोन रुपयांसाठी घासाघीस करतं आणि काचेच्या दुकानात छापील भाव मुकाट्यानं देतं. मग आमचाच पोरगा शहरात राहून जिन्याखालच्या खानावळीचं जेवण फोनवरून मागवतो. ती खानावळवाली त्या जेवणावर दलालीच मोजत असते, फक्त दलालाच्या डोक्यावर टोपी नाही. आडतीत आमचं जे होतं, तेच तिचं होतं. पाय धड आहेत, पाऊस नाही, तर जिना उतरून जायला काय हरकत आहे?

मात्र जगवायचं म्हणजे डोळे झाकून जायचं असंही नाही. भजी शिळी असतील तर तोंडावर सांगायचं. संडासाला कडी लावा, मग घरच्यांना घेऊन येतो, हे मालकाला समोर उभं राहून सांगायचं. फोनवर चांदण्या कमी करणं सोपं असतं. पण समोर बोलल्यावर उद्या परत त्याच माणसाच्या तोंडाकडं बघायचं असतं, म्हणून आपणही तोलून बोलतो आणि तोही ऐकतो. आणि वहीतली उधारी सुगीची वाट न बघता फेडायची.

आजारी माणसानं, तान्ह्या बाळाच्या आईनं, रात्रपाळी करून आलेल्यानं घरी मागवावं, त्यांना कुणी बोल लावू नये. धडधाकट माणसानं मात्र बाजारच्या दिवशी एक चहा बाकड्यावर बसून प्यावा. जवळपास कुठं थेटर उरलं असेल, तर वर्षातून दोन सिनेमे तिकीट काढून बघावेत. दार उघडं राहण्याची किंमत कुणीतरी मोजावी लागते. आपण मोजली नाही, तर गावात बसायला फक्त आपापलं घर आणि आपापल्या जातीचं देऊळ उरेल.